क्रूझच्या आधीचं सिंगापूर: वयात आलेल्या मुलांबरोबर तीन रात्री कशा घालवाव्यात

क्रूझ सिंगापूरहून सुटणार असेल, तर टूर कंपन्या तिच्या आधी शहरात दोन रात्रींचा मुक्काम जोडून देतात. त्याचा साचा ठरलेला असतो. पहिल्या दिवशी बसमधून शहरदर्शन आणि मरलायनसमोर फोटो, दुसऱ्या दिवशी सेंटोसा आणि युनिव्हर्सल स्टुडिओज, तिसऱ्या दिवशी बॅगा भरून बंदर. आठ वर्षांच्या मुलाला हे पुरतं. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना पुरत नाही, कारण यातलं बरंचसं त्यांना पुढचे तीन-चार दिवस जहाजावर मिळणारच असतं.

एक उदाहरण घ्या. सेंटोसावर आयफ्लाय नावाचा उभा वाऱ्याचा बोगदा आहे, त्यात तरंगायला चांगले पैसे पडतात. रॉयल कॅरिबियनची क्वांटम वर्गातली जहाजं सिंगापूरहून सुटतात, आणि त्यांच्या डेकवर याच कंपनीचा तसाच बोगदा असतो. पोहण्याचे तलाव, रात्रीचे शो, बुफे, व्हिडिओ गेमची खोली, सगळं जहाजावर आहेच. शहरातल्या बहुतेक तिकिटांमध्ये ‘मूल’ म्हणजे बारा वर्षांपर्यंतचं. तेराव्या वर्षापासून मोठ्या माणसाचं पूर्ण तिकीट लागतं. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला चार पूर्ण तिकिटं, तीही पुढे मिळणाऱ्याच गोष्टींसाठी.

म्हणून या मुक्कामाची कसोटी एकच ठेवा: जहाजावर जे मिळणार नाही, तेच शहरात करायचं. पायांखाली माती, झाडी, रस्त्यावरचं खाणं, इतिहास, आणि आई-बाबांशिवाय ट्रेनने फिरायची मोकळीक. या कसोटीवर सिंगापूर जगातल्या फार थोड्या बंदरांसारखं खरं उतरतं, कारण यातल्या बहुतेक गोष्टी तिथे फुकट किंवा किरकोळ खर्चात होतात.

दोन नव्हे, तीन रात्री

मुंबईहून थेट विमानाला साधारण साडेपाच तास लागतात आणि बरीच विमानं रात्री निघून सकाळी पोचतात. सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. तिथे सकाळचे सहा म्हणजे मुलांच्या शरीरात पहाटेचे साडेतीन. हॉटेलची खोली बहुधा दुपारी तीनला मिळते. झोप न झालेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला त्या अवस्थेत ३२ अंशांच्या दमट उकाड्यात शहरदर्शनाला नेलं, की संध्याकाळपर्यंत घरातल्या सगळ्यांची भांडणं ठरलेली. पहिला दिवस अर्धाच धरा. बॅगा हॉटेलच्या काउंटरवर ठेवा, जवळपास जेवा, खोली मिळाली की झोपू द्या, आणि संध्याकाळी बाहेर पडा. दोन रात्रींच्या मुक्कामात हातात जेमतेम दीड दिवस येतो. तिसरी रात्र घेतली की पूर्ण दोन दिवस मिळतात. क्रूझच्याच दिवशी सकाळी सिंगापुरात उतरायचा बेत कधीही करू नका. विमान चार तास उशिरा आलं, तर जहाज कोणासाठी थांबत नाही.

पहिल्या संध्याकाळसाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे गार्डन्स बाय द बे. सुपरट्री ग्रोव्ह या उंच कृत्रिम झाडांच्या राईतला प्रकाश-संगीताचा खेळ ७:४५ आणि ८:४५ ला होतो, फुकट असतो. झाडांखाली जमिनीवर पाठ टेकून बघायचा. समोरच्या मरीना बे सँड्सच्या काठावर पाण्याच्या पडद्यावरचा स्पेक्ट्राचा खेळ ८ आणि ९ वाजता, तोही फुकट. लोक चुकतात ते क्रमात. ७:४५ चा खेळ धरला तर ८ चा स्पेक्ट्रा सापडत नाही, ९ चाच सापडतो. मधल्या वेळात रमतगमत चालत जायला आणि काही खायला पुरेसा अवधी राहतो.

कागदपत्रं: इथेच खरी गडबड होते

भारतीय पासपोर्टवर सिंगापूरचा व्हिसा आधी काढावा लागतो. क्रूझ पेनांग किंवा फुकेतला जाऊन परत सिंगापूरलाच येणार असेल, तर तो तुमचा दुसरा प्रवेश असतो. त्यामुळे हातात आलेल्या ई-व्हिसावर ‘मल्टिपल’ लिहिलंय का, ते प्रत्येकाच्या कागदावर स्वतः वाचा. चौघांपैकी एकाचाच वेगळा निघू शकतो. आणि आधीच्या मुक्कामात मलेशियातल्या जोहोर बाहरूला चक्कर मारायची ठरवली, तर प्रवेश दोन नाही, तीन होतात.

सिंगापूरचं एसजी अरायव्हल कार्ड पोचण्याच्या दिवसासकट आधीच्या तीन दिवसांत भरायचं, सरकारी इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या अ‍ॅपवर. ते फुकट आहे. शोध घेतल्यावर वर दिसणाऱ्या अनेक पानांवर त्याचे पैसे मागतात, ती पानं सरकारी नाहीत. परदेशी बंदराला जाऊन जहाज परत येतं, तेव्हा हे कार्ड पुन्हा भरावं लागतं. ते समुद्रात असताना सुचतं, आणि तिथलं इंटरनेट महाग असतं. मधल्या बंदरावर उतराल तेव्हाच भरून टाका. जहाज ज्या ज्या देशात थांबणार, तिथले प्रवेशाचे नियम क्रूझ कंपनीकडून लेखी मागून घ्या. ‘आम्ही त्या बंदराला खाली उतरणारच नाही’ हे उत्तर काउंटरवर चालत नाही.

मुलांचे पासपोर्ट काढून तारखा बघा. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असल्याने ती तारीख डोक्यात बसलेली असते. लहान मुलाचा पाच वर्षांत संपतो. प्रवासानंतर किमान सहा महिने तो वैध हवा. मुलं एकाच पालकाबरोबर, आजी-आजोबांबरोबर किंवा काका-मावशीबरोबर जाणार असतील, तर दोन्ही पालकांचं संमतिपत्र आणि जन्मदाखल्याची प्रत बरोबर असू द्या. क्रूझ कंपन्या ते मागतात.

सामानाबद्दल दोन गोष्टी मराठी घरांसाठी मुद्दाम. खसखस नेऊ नका. सिंगापुरात ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली निषिद्ध मालात मोडते, आणि आपल्याकडे ती अनारशांवर, लाडवांत, घरच्या मसाल्यात बिनदिक्कत असते. गुटखा आणि खायचा तंबाखूही बंद. च्युइंगम १९९२ पासून आयात करता येत नाही. आणि मोठ्या मुलांना स्पष्ट शब्दांत सांगा: व्हेप (ई-सिगारेट) जवळ बाळगणं हासुद्धा तिथे गुन्हा आहे. मित्राने ठेवायला दिलेलं बॅगेच्या कप्प्यात राहिलं होतं, ही सबब कुणी ऐकून घेत नाही. घरून निघण्याआधी त्यांची पाठीवरची बॅग त्यांच्याच हातांनी रिकामी करून पुन्हा भरून घ्या.

कुठे राहावं

आधी एक गोष्ट बाद करा: अ‍ॅपवर दिसणारी खाजगी घरं. सिंगापुरात खाजगी निवासी घर तीन महिन्यांपेक्षा कमी काळासाठी भाड्याने देणं बेकायदा आहे. हॉटेलचा परवाना असलेलीच जागा घ्या. खोल्या लहान असतात. दोन मोठी माणसं आणि दोन वाढलेली मुलं एका खोलीत घालायचा हट्ट धरला, तर चार बॅगा उघडायला जमीन उरत नाही. शेजारशेजारच्या दोन साध्या खोल्या एका ‘फॅमिली रूम’पेक्षा बहुतेक वेळा सोयीच्या पडतात, दोन बाथरूम मिळतात, हा फायदा सकाळी कळतो. दोन खोल्यांमध्ये आतून दार हवं असेल, तर आरक्षण करतानाच कळवून लेखी उत्तर घ्या.

भाग निवडताना मरीना बेच्या झगमगाटापेक्षा एमआरटीचं, म्हणजे तिथल्या मेट्रोचं, जाळं बघा. लिटल इंडिया आणि फॅरर पार्क हा पट्टा शाकाहारी कुटुंबांना सगळ्यात सोयीचा: सरंगून रोडवर कोमला विलास हे उपाहारगृह १९४७ पासून आहे, आनंद भवन त्याहून जुनं, १९२४ चं. रात्री उशिरा औषध, अडॅप्टर, चप्पल, काहीही लागलं तर मुस्तफा हे मोठं दुकान जवळ. उणी बाजू ही, की रविवारी संध्याकाळी सुट्टीवरच्या कामगारांनी रस्ते इतके भरतात की बॅगा ओढत जाणं कठीण होतं. त्या वेळी येणार असाल तर टॅक्सी थेट दारापर्यंत घ्या. बुगिस आणि लव्हेंडर हा पट्टा मुलांच्या दृष्टीने वरचढ. कांपोंग ग्लामची मशीद, हाजी लेनची भिंतचित्रं, स्वस्त खाणं आणि दोन वेगवेगळ्या एमआरटी लाइन पायी अंतरावर. आमची पसंती याच पट्ट्याला. हार्बरफ्रंटला राहायचं म्हणाल, तर आधी खालचा परिच्छेद वाचा.

तीन मरीना आणि दोन बंदरं

सिंगापुरात मोठी जहाजं जिथून सुटतात, ते मरीना बे क्रूझ सेंटर २०१२ ला उघडलं. त्याचं स्टेशन मरीना साउथ पिअर, लाल रंगाच्या नॉर्थ-साउथ लाइनचं शेवटचं. मरीना बे नावाचं स्टेशन त्याच्या एक थांबा आधीचं, आणि मरीना बे सँड्स हॉटेलचं स्टेशन तिसरंच, बेफ्रंट. त्यात दुसरं बंदर आहे: सिंगापूर क्रूझ सेंटर, हार्बरफ्रंटला, व्हिवोसिटी मॉलच्या शेजारी. तिथून इंडोनेशियातल्या बाटाम बेटाच्या फेऱ्या आणि काही लहान जहाजं सुटतात. ‘क्रूझ सेंटर’ एवढंच सांगून टॅक्सीत बसलेली कुटुंबं चुकीच्या बंदरावर उतरतात. मरीना साउथ पिअर नावाचा बोटींचा धक्काही वेगळा आहे, त्यामुळे टॅक्सीवाल्याला पूर्ण नाव सांगा किंवा तिकिटावरचा पत्ता दाखवा. स्टेशनपासून टर्मिनलपर्यंत थोडं चालावं लागतं. पाठीवरच्या बॅगा असतील तर ट्रेन उत्तम, मोठ्या सुटकेसा असतील तर गाडी.

गाडीचं गणितही सांगून ठेवायला हवं. साध्या टॅक्सीत चार माणसं बसतात, पण चार माणसं अधिक चार मोठ्या सुटकेसा मावत नाहीत. अ‍ॅपवर सहा जणांची गाडी मागवा. मध्यरात्र ते सकाळी सहापर्यंत टॅक्सीच्या मीटरवर निम्मी रक्कम वर चढते, आणि सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळीही अधिभार असतो.

ट्रेनसाठी टुरिस्ट पासच्या मागे लागू नका. एका फेरीला सव्वा ते अडीच सिंगापुरी डॉलरच्या आसपास पडतात. दिवसाला चार फेऱ्या केल्या तरी पासाचे पैसे क्वचितच वसूल होतात. परदेशी व्हिसा किंवा मास्टरकार्ड गेटवर टेकवून चालतं, पण एका माणसाला एक कार्ड लागतं. एकच कार्ड चौघांसाठी चार वेळा टेकवता येत नाही. त्याहून चोरटी चूक अशी: आत जाताना फोन टेकवला आणि बाहेर येताना तेच कार्ड प्रत्यक्ष काढून टेकवलं, तर यंत्राला ती दोन वेगळी कार्डं वाटतात आणि भाडं चुकीचं कापलं जातं. मुलांना प्रत्येकी ईझी-लिंक कार्ड घेऊन द्या. १० डॉलरला मिळतं, त्यातले ५ प्रवासाला वापरता येतात. हे कार्ड हातात आलं की मुलांची चाल बदलते, आणि याच कारणासाठी ते घ्यायचं.

मुलांना अर्धा दिवस मोकळं सोडा

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर तीन-चार तास मुलांना त्यांचं त्यांना फिरू द्या. दोघं एकत्र, फोनमध्ये स्थानिक सिम किंवा ई-सिम, खिशात थोडी रोख आणि हॉटेलचा पत्ता कागदावर. जहाजावर ती पुढे एकटी फिरणारच आहेत, पण ती मोकळीक भिंतींच्या आतली. खऱ्या शहरात रस्ता शोधायचा सराव जहाज देत नाही. भेटायची जागा ‘बुगिस स्टेशन’ अशी ठरवू नका. मोठ्या स्टेशनांना बाहेर पडायची दारं पाच-सहाहून जास्त असतात आणि दोन दारांमध्ये कधी कधी दहा मिनिटांचं अंतर पडतं. दाराच्या खुणेसकट ठरवा. गर्दीत कुणी गाडीत चढला आणि कुणी राहिला, तर नियम आधीच पक्का हवा: चढलेल्याने पुढच्याच स्टेशनावर उतरून फलाटावर थांबायचं, मागे राहिलेल्याने पुढच्या गाडीने तिथे यायचं. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायचं. गाडीत पाणीसुद्धा प्यायचं नाही. दंड ५०० डॉलरपर्यंत आहे.

पुलाउ उबिन: यासाठी एक दिवस राखा

आसपासच्या सगळ्या सहलींत मोठ्या मुलांसाठी हीच पहिली. सिंगापूरच्या ईशान्येला सुमारे १० चौरस किलोमीटरचं हे बेट जुन्या ग्रॅनाइटच्या खाणींचं. इथलाच दगड हॉर्सबर्ग दीपगृहाला लागला. उंच इमारती नाहीत, मॉल नाही, एटीएम नाही. तनाह मेराह स्टेशनवरून २ नंबरची बस चांगी व्हिलेजला जाते, तिथून चांगी पॉइंटचा धक्का दोन मिनिटांवर.

तिकीट खिडकी शोधू नका. बमबोट म्हणजे जुनी लाकडी डिझेल बोट, बाजूंना मोटारीचे टायर बांधलेले, आत दोन्ही बाजूंना बाकं. बारा माणसं जमली की ती सुटते. आठच जमली असतील तर नावाडी शांत बसून राहतो, आणि घाई असेल तर बाराजणांचे पैसे मिळून भरायचे. माणशी ४ डॉलर एका बाजूचे, रोख, सायकल नेली तर तिचे वेगळे २. शनिवार-रविवारी बारा जमायला पाच मिनिटं लागत नाहीत. मंगळवारी सकाळी अर्धा तासही बसावं लागतं. पलीकडे जायला दहा-पंधरा मिनिटं. खुल्या समुद्राची ही पहिली चव मुलांना जहाजाआधी मिळते, पाण्यापासून हातभर उंचीवर.

उतरल्यावर लगेच सायकलींची दुकानं. पहिल्या दुकानात पहिली सायकल उचलू नका. दोन्ही ब्रेक दाबून पुढे ढकलून बघा, मागचं चाक अडलं पाहिजे. सीट इतकी वर घ्या की पायडल खाली गेल्यावर गुडघा जवळजवळ सरळ होईल. बहुतेक मुलं सीट खालीच ठेवतात आणि तासाभरात मांड्या दुखल्याची तक्रार करतात. गियर चढावर सगळे लागतात का, ते दुकानाच्या दारातच पाहा. चेक जावा या बेटावरच्या पाणथळ जागेकडे जाणारा रस्ता साधारण तीन किलोमीटर, मध्ये चढउतार आहेत. उतारावर जिथे ‘उतरून ढकला’ अशी पाटी आहे, तिथे खरंच उतरावं, कारण भाड्याच्या सायकलींचे ब्रेक त्या उतारावरच कमी पडतात. चेक जावाला सायकल बाहेर लावून लाकडी वाटेवरून पायी जायचं. खारफुटी, ओहोटीच्या वेळी उघडी पडणारी चिखलाची जमीन, आणि २० मीटर उंचीचा जेजावी मनोरा. भरतीच्या वेळी गेलात तर नुसतं पाणी दिसतं, म्हणून निघण्याआधी ओहोटीची वेळ बघा. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको.

माकडं आणि रानडुकरं आहेत. प्लॅस्टिकच्या पिशवीचा खडखडाट म्हणजे खाऊ, हे माकडांना पाठ झालंय. हँडलला पिशवी लटकवलेली मुलं हमखास खाऊ गमावतात. सगळं पाठीच्या चेन असलेल्या बॅगेत. प्रत्येकी दीड लिटर पाणी, टोपी, बदलायला टीशर्ट, डास पळवायचं मलम. दुपारी वीज कडाडायला लागली की उघड्यावर थांबू नका. इथली वीज नुसती दिखाऊ नसते. सकाळी आठपर्यंत धक्क्यावर असाल, तर दोनपर्यंत परत येऊन चांगी व्हिलेजच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत, जेवता येतं. अंधार पडायच्या आत परतीची बोट धरा.

पाऊस असेल किंवा कुणाला सायकल येत नसेल, तर सदर्न रिजेस ही टेकड्यांवरची पायवाट. हार्बरफ्रंट स्टेशनमधून निघून मरांग ट्रेलच्या पायऱ्यांनी माउंट फेबर चढायचा, तिथून हेंडरसन वेव्ज हा २७४ मीटर लांबीचा लाटांसारखा वळणारा लाकडी पूल, रस्त्यापासून ३६ मीटर उंच. पुढे झाडांच्या शेंड्यांमधून जाणारी पोलादी वाट. चार-पाच किलोमीटर, अडीच तास, खर्च शून्य. वरून बंदरात उभी जहाजं दिसतात. फक्त पहिल्या पायऱ्यांचा चढ उभा आहे, गुडघ्याचा त्रास असलेल्या आजींना टॅक्सीने वर सोडा.

आणखी एक सहल क्रूझ टर्मिनलच्या अगदी शेजारून: मरीना साउथ पिअरवरून सेंट जॉन्स बेटाची बोट. तिथून पायवाटेने लाझारस बेटाच्या पांढऱ्या वाळूवर जाता येतं. खाण्याची सोय जुजबी, त्यामुळे डबा न्या, आणि परतीची शेवटची बोट कितीची हे तिकीट घेतानाच विचारा. कामाच्या दिवसांत फेऱ्या मोजक्या असतात.

आझाद हिंदचं सिंगापूर

ही पायी फेरी कुठल्याही टूरच्या पत्रकात नसते, याचं वाईट वाटतं. नववी-दहावीच्या मुलांनी जे नुकतंच पुस्तकात वाचलेलं असतं, ते इथे दोन तासांत पायाखालून जातं. धोबी घाट स्टेशनजवळ कॅथे इमारतीचा जुना दर्शनी भाग राखून ठेवला आहे. इथल्या सभागृहात ४ जुलै १९४३ ला सुभाषचंद्र बोसांनी पूर्व आशियातल्या चळवळीची सूत्रं हाती घेतली आणि २१ ऑक्टोबर १९४३ ला आझाद हिंद सरकारची घोषणा केली. तिथून फोर्ट कॅनिंगची टेकडी. तिच्या पोटात बॅटलबॉक्स हे भुयारी युद्धकेंद्र. १५ फेब्रुवारी १९४२ ला ब्रिटिश सेनापतींनी शरण जायचा निर्णय इथेच घेतला. उघडण्याच्या वेळा आदल्या दिवशी बघून घ्या. मग खाली उतरून पाडांगचं मैदान, जिथे ५ जुलैला नेताजींनी फौजेची पाहणी करून ‘चलो दिल्ली’ची हाक दिली. मैदानाला लागून असलेल्या एस्प्लनेड पार्कमध्ये आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची खूण आहे. मूळ स्मारक १९४५ मध्ये परत आलेल्या ब्रिटिशांनी उडवून दिलं. आताची खूण १९९५ ची.

मुली बरोबर असतील तर इथे उभं राहून झाशी राणी रेजिमेंटची गोष्ट सांगाच. कॅप्टन लक्ष्मी स्वामीनाथन सिंगापुरात डॉक्टर होत्या, आणि त्यांच्या पलटणीत वीस वर्षांच्या आतल्या मुलीही होत्या. मलायाच्या रबराच्या मळ्यांतून आलेल्या, हिंदुस्थान कधी न पाहिलेल्या मुली, आणि नाव तांब्यांच्या लेकीचं, मणिकर्णिकेचं, म्हणजेच झाशीच्या राणीचं.

काय टाळावं

जोहोर बाहरू आणि तिथलं लेगोलँड आधीच्या मुक्कामात नको. नकाशात अंतर नगण्य दिसतं, पण वुडलँड्सच्या चौकीवर शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी तासन् तास जातात. बाटामचंही तेच: इंडोनेशियाचा व्हिसा वेगळा, सिंगापूरचा प्रवेश पुन्हा एक. क्रूझच्या आदल्या दिवशी सीमा ओलांडून जाणं म्हणजे दोन देशांच्या रांगांवर सगळी सुट्टी लावणं.

युनिव्हर्सलबाबत एक अपवाद मान्य. तुमच्या जहाजावर रोलर कोस्टर नसेल आणि मुलगा खरोखर त्याचाच वेडा असेल, तर जा. मात्र कामाच्या दिवशी आणि पूर्ण दिवस देऊन. नाइट सफारी चांगली आहे, १९९४ पासून चालू असलेली ही जगातली पहिलीच. पण परत यायला मध्यरात्र होते. ती जहाजावर चढायच्या आदल्या रात्री ठेवू नका.

खाणं

हॉकर सेंटरला दोन वेळा तरी जाच. इथली हॉकर संस्कृती २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं, तर ते टेबल धरलेलं आहे. तुम्हीही तसंच धरा. जेवण झाल्यावर ट्रे उचलून ठेवणं सक्तीचं आहे. रेस्तराँच्या मेनूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असतील, तर १० टक्के सेवाशुल्क आणि ९ टक्के जीएसटी वर चढणार. हॉकर सेंटरला ही भर नसते. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, बाटल्या भरून घ्या.

शाकाहारी मंडळींनी ‘नो मीट’ म्हणून थांबू नये. सांबल या तिखट चटणीत बेलाचान, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला लगदा असतो. लाक्सात सुकी कोळंबी. साध्या परतलेल्या भाजीत ऑयस्टर सॉस किंवा डुकराची चरबी. चिनी ‘व्हेजिटेरियन’ ठेल्यावर मात्र बिनधास्त ‘बी हून’ म्हणजे तांदळाच्या शेवया घ्या. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्यांनाही ते बहुधा चालतं. रोटी पराटा मागताना अंडं नको हे सांगा आणि बरोबरची वाटी डाळीची मागा, नाहीतर मटणाचा रस्सा येतो. टोस्टवरच्या काया जॅममध्ये अंडं असतं. उसाचा रस, आइस काचांग हा बर्फाचा गोड पदार्थ, तेह तारिक हा फेसाळ चहा, ही नावं मुलं दुसऱ्या दिवसापासून स्वतःच मागायला लागतात.

बंदराचा दिवस

चेक-इनची वेळ तिकिटावर ठरवून दिलेली असते, तीच पाळा. अडीच तास आधी जाऊन उभं राहिलात तर आत घेत नाहीत, आणि शेवटच्या तासात गेलात तर काउंटर बंद होऊ शकतो. पुढच्या देशांचे व्हिसा तपासायला भारतीय पासपोर्टांना थोडा जास्त वेळ लागतो, तो धरून चाला.

बंदरात मोठ्या बॅगा तुमच्याकडून घेतात आणि त्या खोलीत पोचायला संध्याकाळही होते. पासपोर्ट, औषधं, चष्मा, चार्जर, पोहायचे कपडे आणि एक जोड हातातल्या बॅगेत हवेत. मुलांना दुपारीच तलावात उतरायचं असतं आणि त्यांचे कपडे तेव्हा कुठल्यातरी ट्रॉलीवर असतात. काही जहाजं पासपोर्ट जमा करून घेतात, म्हणून छायाप्रती वेगळ्या ठेवा. इस्त्री आणि घरगुती एक्स्टेन्शन बोर्ड तपासणीत काढून घेतात. घरचा चिवडा-ठेपले जहाजावर नेऊ देत नाहीत. कारखान्यातलं बंद पाकीट चालतं. घरचं जे उरलं असेल ते हॉटेलवरच संपवा.

प्लगचा शेवटचा मुद्दा. सिंगापुरात ब्रिटिश पद्धतीचा चौकोनी तीन पिनांचा प्लग लागतो, आपला गोल पिनांचा बसत नाही. जहाजाच्या खोलीत बहुधा अमेरिकी आणि युरोपीय पद्धतीचे सॉकेट असतात. म्हणजे अडॅप्टर दोन प्रकारचे हवेत, आणि दोन मुलांचे दोन फोन असतील तर प्रत्येक प्रकारचे किमान दोन.